कपाटाला चाकं लावताना

दर पावसाळ्यात आमच्या डोंबिवलीच्या घरात पश्चिमेच्या भिंतीला ओल धरते. नेमकं त्याच भिंतीला लागून पुस्तकांचं बुटकं कपाट. जुलै उजाडला की ते रिकामं करा, ओढा, मागची बुरशी पुसा, परत भरा. तीन वर्षं हे केल्यावर एका रविवारी चाकं लावून टाकायचं ठरवलं. चार चाकं आणली, प्रत्येकाला चार-चार स्क्रू मारले, अर्ध्या तासात काम संपलं. पुढे घराचं रंगकाम निघालं तेव्हा कपाट बाहेरच्या खोलीत न्यायला ढकललं, तर पुढचं उजवं चाक दारातल्या संगमरवरी पट्टीला अडलं. मी आणखी जोर लावला. 'कट्' आवाज झाला, कपाट पुढे आणि चाक मागे.

उचलून पाहिलं तर चाकाला ओरखडासुद्धा नव्हता. चारही स्क्रू सरळ, आट्यांमध्ये भुसा भरलेला. कपाटाचा तळ पार्टिकल बोर्डचा होता आणि स्क्रूंनी त्यातला दाबलेला भुसा उपटून आणला होता. पुढे कपाटाला पुन्हा चाकं बसवली, शिवाय गॅसच्या सिलिंडरची ट्रॉली, दोन कुंड्यांचे पाट आणि ऑफिसची खुर्ची एवढ्या गोष्टींशी झटापट झाली. बहुतेक वेळा गडबड चाकाच्या वर, नाहीतर चाकाच्या खाली असायची. म्हणून दुकानात जाण्याआधी घरात बघायच्या गोष्टींनी सुरुवात करतो.

आधी हे चाक वळतं कसं

फर्निचरचं चाक स्वतः फिरतं आणि शिवाय वरच्या प्लेटखालच्या छर्ऱ्यांवर गोल वळतं. नीट बघितलं तर चाकाचा आस वळणाऱ्या पिनेच्या, म्हणजे ज्या उभ्या खिळीभोवती चाक वळतं तिच्या, बरोबर खाली नसतो, थोडा मागे सरकवलेला असतो. तुम्ही कपाट ढकलता तेव्हा पिन पुढे जाते आणि चाक तिच्या मागे फरफटत येतं. ओढणाऱ्या माणसामागे हातगाडी वळावी तसं. हे अंतर नसतं तर चाक आपसूक वळलंच नसतं.

त्यातून दोन गोष्टी निघतात. एक, दिशा उलटली की चाक अर्धं वर्तुळ घेतं आणि त्यासाठी त्याला मोकळी जागा लागते. पिनेपासून आसापर्यंतचं अंतर अधिक चाकाची त्रिज्या, एवढी जागा पिनेच्या चहूबाजूंना हवी. माझ्या ५० मिमी व्यासाच्या चाकात ते अंतर २५ आणि त्रिज्या २५, म्हणजे ५० मिमी. दुसरी गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही: वजन जमिनीवर पिनेच्या खाली टेकत नाही, चाकाच्या खाली टेकतं. पुढची चाकं आत वळली आणि मागचीही आत वळली, तर कपाटाचा पाया दोन्हीकडून मिळून ५० मिमी अरुंद होतो. उंच आणि कमी खोलीच्या कपाटाला हे महागात पडतं.

सहज आठवलं म्हणून सांगतो. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या डेव्हिड फिशरना फर्निचरच्या चाकाचं पेटंट १४ मार्च १८७६ ला मिळालं, म्हणजे बेलच्या टेलिफोनच्या पेटंटनंतर बरोबर एका आठवड्याने. चाकं त्याआधीही होतीच. फोन तेव्हापासून ओळखू येणार नाही इतका बदलला. आपलं चाक अजून मागे मागेच येतं.

वजन काढा, आणि चारने भागू नका

वजन अंदाजे काढलं तरी चालतं, पण काढा. माझ्या कपाटाला तीन-तीन फुटांचे तीन कप्पे. पुस्तकांनी गच्च भरलेला एक फूट कप्पा साधारण ८ ते १० किलो भरतो, म्हणजे पुस्तकांचेच ८० किलो. रिकामं कपाट २५ च्या आसपास. एकूण १०५ धरू.

आता चार चाकं आहेत म्हणून चारने भागलं तर प्रत्येकी २६ किलो येतात. पण घरातली कुठलीही फरशी शंभर टक्के सपाट नसते. एक चाक कायम किंचित अधांतरी असतं आणि सगळा भार तीन चाकं वाहतात. म्हणून भागायचं तीनने: ३५ किलो. त्यावर धक्के, सांधे, कोणीतरी टेकून उभं राहणं, हे धरून मी ५० किलो क्षमतेची चाकं घेतली. दुकानदार चाराच्या संचाची मिळून क्षमता सांगत असेल तर 'एका चाकाची किती?' हा प्रश्न विचारा.

सिलिंडरचं गणित सोपं आहे. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, साधारण १५-१६ किलो. भरलेला झाला ३० किलो. कुंडीचं वजन मात्र पाणी घातल्यावर धरा. कोरड्या मातीवर हिशोब केलेला माझा पहिला पाट पहिल्याच पाण्याला बसला.

खालची फरशी बघा

ढोबळ नियम असा की कडक जमिनीला मऊ चाक, मऊ जमिनीला कडक चाक. व्हिट्रिफाइड टाइल्स, मोझॅक, संगमरवर, लाकडी जमीन असेल तर पीयूचं (पॉलियुरेथेनचं, रबरासारख्या प्लास्टिकचं) किंवा रबरी चाक घ्या. सतरंजी किंवा जाड गालिचा असेल तर नायलॉनचं, कारण मऊ चाक त्यात रुतून बसतं. नायलॉनचं चाक टाइल्सवर खडखडतं. खालच्या मजल्यावर कोणी राहत असेल तर त्यांना तुमच्या कपाटाचा सगळा प्रवास ऐकू जातो.

काळं रबर पांढऱ्या संगमरवरावर महिनोन्महिने एका जागी ठेवू नका. रबरातलं तेलकट द्रव्य दगडात उतरतं आणि तो डाग पुसून जात नाही. मऊ रबर एकाच जागी वजनाखाली चपटंही होतं, मग ढकलताना कपाट लंगडतं. वर्षातून दोनदाच हलणाऱ्या वस्तूला कडक पीयू बरं.

पण कोकणात, मुंबईत, आमच्यासारख्या खाडीकाठच्या हवेत पीयूलाही एक खोड आहे. न वापरता कपाटात ठेवलेले बूट दोन-तीन पावसाळ्यांनी काढले की तळ चुरा होऊन हातात येतात, ते बघितलं असेल. दमटपणाने काही जातीचं पीयू आतून विरतं. चाकांचंही तसंच होऊ शकतं. म्हणून वर्षातून एकदा नख रुतवून बघायचं. चिकट किंवा चिरा पडलेलं लागलं की चाक बदलायचं. ओलसर जागी लोखंडी ब्रॅकेटवर पांढरट जस्ताचा मुलामा आहे ना हे बघा, आणि मोरीत किंवा गॅलरीत ठेवायचं असेल तर स्टेनलेस स्टीलच घ्या. गॅलरीची आणखी एक गंमत: तिथे पाणी वाहून जायला फरशीला मुद्दाम उतार दिलेला असतो. बिनब्रेकच्या चाकांवरची कुंडी रात्रीतून जाळीपाशी पोचलेली असते.

आता उंबरठा. दारातली पट्टी एखादी बोटभरच वर असते, म्हणून आपण ती मोजत नाही. ३५ किलो भार असलेलं ५० मिमीचं चाक १० मिमी उंचीच्या पट्टीवर ढकलून चढवायचं तर जवळपास ४७ किलोचा आडवा जोर लागतो, म्हणजे भारापेक्षाही जास्त. तेच ७५ मिमीचं चाक ३२-३३ किलोंत चढतं आणि १०० मिमीचं २६ किलोंत. माझे स्क्रू का उपटले गेले ते हा हिशोब केल्यावर कळलं.

मग मोठंच चाक घ्यावं का? रोज खोली बदलणाऱ्या वस्तूला, हो. सर्व्हिंग ट्रॉली, इस्त्रीचं टेबल, शिलाई मशीनचा स्टँड यांना ७५ च्या खाली जाऊ नका. पण मोठं चाक वस्तू तेवढी उंच करतं. ५० मिमीचं चाक प्लेटसकट ६५-७० मिमी उंची घेतं, ७५ चं साधारण १००. स्वयंपाकाच्या ओट्याखाली जाणारी ट्रॉली असेल तर ही उंची आधी मोजा. माझं कपाट एकाच खोलीत फूट-दीड फूट सरकणार होतं, म्हणून ५० मिमीवरच राहिलो आणि दारातून न्यायचं तर पुस्तकं उतरवूनच, असं घरात ठरवून टाकलं.

प्लेट, बोल्ट की पिन

दुकानात चाकं तीन प्रकारची दिसतील. प्लेटवाली, म्हणजे वर चार भोकांची चौकोनी पत्र्याची पट्टी. बोल्टवाली, वर आटे असलेला दांडा. घरगुती सामानाला बहुधा ८ किंवा १० मिमी. आणि पिनवाली, गुळगुळीत पिनेभोवती स्प्रिंगची रिंग. ही ऑफिसच्या खुर्चीला.

लाकडी सामानाला जागा असेल तर प्लेटच घ्या, भार चार ठिकाणी वाटला जातो. लोखंडी स्टँडच्या पोकळ पायांना बोल्टवालं चाक बसतं; त्यासाठी पायाच्या मापाचं आटेवालं बूच मिळतं. लाकडी पायाला बोल्टवालं लावायचंच असेल तर टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा आटेवाला नट) वापरा, म्हणजे आटे लाकडात न पडता लोखंडात पडतात. नुसत्या लाकडात पिळलेला बोल्ट वर्षभरात डुगडुगतो.

मी दुसऱ्यांदा कसं बसवलं

पार्टिकल बोर्डवर किंवा एमडीएफवर चाक थेट लावायचं नाही, हे ठरलेलं होतं. १८ मिमीच्या वॉटरप्रूफ प्लायचा एक पाट कापून घेतला, ३६ इंच लांब आणि १८ इंच रुंद. कपाटाची खोली १२ इंच. पाट पुढेमागे तीन-तीन इंच बाहेर राहील असा ठेवला. दिसायला थोडा बेंगरूळ दिसतो, कबूल. पण कपाट आता फरशीपासून सव्वातीन फूट उंच आणि पायाला जेमतेम फूटभर होतं. पाट रुंद केल्यावर चाकांमधलं अंतर साडेतेरा इंचांवर गेलं. उंची पायाच्या तिपटीच्या आत ठेवायची, हा आमच्या मिस्त्रींचा ठोकताळा. शिवाय मागे तीन इंच फट राहते, भिंतीला वारा लागतो, आणि मूळ दुखणं तेच होतं.

प्लायच्या चारही कापलेल्या कडांना आधी प्रायमर आणि मग ऑइलपेंट लावा. फरशी पुसताना कडांतूनच पाणी शिरतं आणि प्लाय फुगतो. हे काम बहुतेक जण टाळतात. मीही पहिल्या कुंडीच्या पाटाला टाळलं होतं.

पाट उलटा करून कोपऱ्यात चाक ठेवा. पिनेचं केंद्र दोन्ही कडांपासून ५५ मिमी आत घेतलं, म्हणजे चाक गोल फिरलं तरी बाहेर डोकावत नाही आणि पायाला ठेचही लागत नाही. भोकांच्या खुणा पट्टीने मोजून करू नका, प्लेटच जागेवर धरून तिच्या भोकांतून पेन्सिल फिरवा. प्रत्येक चाकाची प्लेट केसभर वेगळी असते, म्हणून चाकाला आणि कोपऱ्याला जोडीचे आकडे घाला.

६ मिमीच्या बोल्टला ६.५ मिमीचं ड्रिल. खाली फुकट फळी ठेवून आरपार भोक पाडा, नाहीतर दुसऱ्या बाजूचा पापुद्रा उडतो. मग पाट सरळ करून भोकांची वरची तोंडं रुंद करा, म्हणजे सपाट डोक्याचे बोल्ट लाकडात बुडतील. वर कपाट बसायचं असल्याने डोकी वर आलेली चालत नाहीत. बोल्ट ३० मिमी लांब पुरतात: १८ प्लाय, अडीच प्लेट, एक-दीड वायसर, सहा नट. खालून वायसर आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेला. साधा नट फिरत्या चाकाच्या थरथरीने ढिला होतो.

नट आवळल्यावर प्रत्येक चाक हाताने पूर्ण गोल फिरवा. खाली आलेल्या बोल्टच्या टोकाला ब्रॅकेट घासत असेल तर ते आत्ताच कळेल. घासलं तर टोक हॅक्सॉने कापा.

आता पाट फरशीवर ठेवा आणि प्रत्येक चाकाखाली वहीच्या कागदाची पट्टी सरकवून बघा. तीन चाकांखाली पट्टी अडेल, एखाद्याखाली सरळ निघून जाईल. पाट फिरवून पुन्हा बघा. तेच चाक मोकळं राहिलं तर दोष पाटाचा, दुसरं राहिलं तर फरशीचा. पाटाचा असेल तर त्या प्लेटखाली पत्र्याचा तुकडा सरकवून बोल्ट पुन्हा आवळा. फरशीचा असेल तर सोडून द्या.

शेवटी कपाट पाटावर ठेवून आतून सहा ठिकाणी आरपार बोल्ट. आत रुंद वायसर हवेतच, कारण पार्टिकल बोर्डात छोटं डोकं रुतत जातं. ५० मिमीचे बोल्ट घेतले होते. भोकं पाटाच्या मधल्या भागात, चाकांच्या प्लेटपासून दूर.

एवढ्या तयारीला एक सबंध शनिवार गेला. पुस्तकं लावताना जाडजूड शब्दकोश आणि विश्वकोशाचे खंड सगळ्यात खाली.

ब्रेक कुठे आणि कोणता

ब्रेकवाली चाकं दोन जातींची असतात. स्वस्तातल्यात पायाने पट्टी दाबली की फक्त चाकाचं फिरणं थांबतं, वरची पिन मोकळीच राहते. म्हणजे वस्तू पुढे जात नाही पण धक्का दिला तर हातभर गरकते. दुसऱ्या जातीत चाक आणि पिन दोन्ही एकदम जखडतात. कपाटाला पहिली चालतात. ज्या टेबलावर तुम्ही भाजी चिरता, शिवता किंवा इस्त्री करता, त्याला दुसरीच घ्या.

चारांपैकी दोन ब्रेकवाली पुरतात, आणि ती तुमचा पाय पोचेल अशा बाजूला. मागच्या बाजूला लावलेला ब्रेक कोणी लावत नाही. लांबलचक जड ट्रॉली असेल, तर दोन चाकं न वळणारी, सरळ जाणारी घ्या आणि वळणारी दोन तुमच्या हाताच्या बाजूला ठेवा. चारही वळणारी असली तर जड ट्रॉली बाजूला पळत राहते. छोट्या घरात, कोपऱ्यात घुसवायच्या वस्तूंना मात्र चारही वळणारीच सोयीची.

ऑफिसची खुर्ची

घरून काम करणाऱ्यांचा हा सगळ्यात मोठा प्रश्न, आणि सगळ्यात सोपाही. खुर्ची अडखळते त्याचं कारण बहुतेक वेळा केस. खुर्ची आडवी करा, चाक सरळ बाहेर ओढा, ते नुसतं रिंगच्या पकडीवर असतं. निघत नसेल तर कटावणी किंवा दोन स्क्रू ड्रायव्हर समोरासमोर घालून उचला. आसाभोवतीचे केस कात्रीने कापून चिमट्याने काढा. आमच्या एका चाकातून गुंडाळी निघाली ती सुपारीएवढी होती. पिनेवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाका. जास्त तेलावर धूळ चिकटून लोणी होतं. चाकाच्या बाहेरच्या कडेला तेल लागू देऊ नका.

चाकंच बदलायची असतील तर पिन मोजा. बहुतेक खुर्च्यांची ११ मिमी असते, काहींची १०. व्हर्नियर नसेल तर पाने वापरा: १० चा पाना पिनेवर बसला तर १० ची, तो बसला नाही आणि ११ चा बसला तर ११ ची. १० ची पिन ११ च्या भोकात बसल्यासारखी वाटते, पण खुर्ची उचलली की चाकं टपाटप गळतात. नवीन चाक भोकात ठेवून खुर्ची उभी करा आणि जोरात बसा. पाच वेळा 'टक्' ऐकू आलं की झालं. हातोडीने ठोकू नका, प्लास्टिकचा आस तडकतो.

खुर्चीला पाचच पाय का, हे विचारणारे भेटतात. खुर्ची कलंडते ती दोन शेजारच्या चाकांना जोडणाऱ्या रेषेवरून. पाय तेवढ्याच लांबीचे धरले तर चार पायांत ती रेषा मध्यापासून पायाच्या लांबीच्या ७१ टक्क्यांवर येते, पाच पायांत ८१ वर. म्हणून एक चाक निखळलेली खुर्ची 'चालतेय तोवर चालू दे' म्हणून वापरू नका, त्या बाजूला ती खरोखर पडते.

कशाला लावू नयेत

डोक्याएवढ्या उंच कपाटाला नको. लहान मुलं असलेल्या घरात ओढून चढता येईल अशा खणांच्या कपाटालाही नको. वॉशिंग मशीनच्या चाकांच्या स्टँडबद्दल माझं मत वाईट आहे. कपडे पिळताना मशीन थरथरतं, ब्रेक हळूहळू सुटतो आणि पाण्याची नळी ताणली जाते. स्टँड घ्यायचाच तर चाकं वर उचलून पाय टेकवता येणारा घ्या, आणि मशीन लावण्याआधी पाय टेकवायला विसरू नका. सिलिंडरच्या ट्रॉलीला चाकं हवीतच, पण सिलिंडर उभाच राहिला पाहिजे आणि ट्रॉली सरकली तरी गॅसच्या पाइपला ताण बसता कामा नये. हलवण्याआधी रेग्युलेटर बंद करून काढून ठेवा.

बसवल्यावर महिन्याने एकदा पाना घेऊन खाली वाका. प्लाय भाराखाली किंचित दबतो, त्यामुळे पहिल्या महिन्यात नट पाव-अर्धा फेरा घेतात. त्यानंतर पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा पुरे. माझ्या कपाटाचे यंदा जूनमध्ये तपासले तेव्हा सोळांपैकी दोनच नटांनी थोडा फेरा घेतला. भिंत अजून ओली होतेच, त्यावर वॉटरप्रूफिंगवाल्याशी बोलणी चालू आहेत.